ड्रोन, सेन्सर आणि आपली मुले : कृषी पदवीकडे नव्याने पाहू या

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच शब्द ऐकू येतात : डॉक्टर आणि इंजिनिअर. गुण कमी पडले की मुलगा कुठल्या तरी दुकानात बसतो आणि मुलीच्या स्थळांची चर्चा सुरू होते. घरची शेती असली तरी कृषी पदवीचे नाव कोणी काढत नाही. ‘शेतीच करायची होती, तर इतकं शिकवलं कशाला?’ हा प्रश्न आम्हा शिक्षकांना दरवर्षी ऐकावा लागतो. म्हणूनच कृषी विद्यापीठांत काय बदलले आहे, ते पालकांसमोर मांडावेसे वाटते.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेचे साहाय्य लाभलेल्या राष्ट्रीय प्रकल्पातून यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर प्रशिक्षण सुरू झाले. राहुरीत त्याच प्रकल्पातून हवामान आणि पाणी व्यवस्थापनावर काम झाले. कृषी पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे.

हे तंत्र करते काय?

मुळांजवळ पुरलेला सेन्सर मातीतला ओलावा मोजतो आणि मोबाइलवर कळवतो. पिकाला गरज असेल तेव्हाच, गरजेपुरतेच पाणी देता येते. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. मराठवाड्याच्या कोरड्या विहिरींना तर ती परवडणारीच नाही.

दुसरे साधन कॅमेऱ्याचे. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पीक आजारी पडू लागले की हे प्रमाण बदलते. ड्रोन किंवा उपग्रहाच्या चित्रात तो भाग वेगळा दिसतो, अनेकदा आपल्या डोळ्यांना कळण्याआधीच.

तिसरे साधन फवारणीचे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरणारा माणूस ते विष श्वासावाटे घेतो. ड्रोनमुळे त्याला पिकात शिरावे लागत नाही. आपल्यातले कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. त्यांच्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे.

यंत्र आले, माती सुटू नये

मात्र एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगू. यंत्र चालवता येणे म्हणजे शेती येणे नव्हे. नकाशावर पिवळा डाग दिसतो. पण तिथे नत्र कमी आहे, पाणी साचले आहे की कीड लागली आहे, हे शेतात जाऊन, पान उलटून, मूळ उपटूनच कळते. पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करावे लागते. ते काम कागदावर उरकले गेले, तर ड्रोनचे धडे व्यर्थ आहेत. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही जुन्या विद्वानांचे वाचून आणि स्वतः प्रयोग करून. पुस्तक आणि शेत यांची फारकत आपल्या परंपरेत नव्हती.

दोन एकरवाला शेतकरी ड्रोन विकत घेऊ शकत नाही. तो भाड्याने घेईल. अशी सेवा देणारे केंद्र काढणाऱ्या कृषी पदवीधराला ड्रोनसाठी निम्मे, कमाल ५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना केंद्र सरकारने २०२२ मध्ये आणली. मुलींनीही मागे राहू नये. ‘नमो ड्रोन दीदी’ योजना महिला बचत गटांसाठीच आहे. ड्रोन पायलटचे प्रमाणपत्र दहावी उत्तीर्ण आणि १८ वर्षे पूर्ण असलेल्या कोणालाही प्रशिक्षणानंतर मिळू शकते.

पालकांनी काय करावे?

अकरावीला विज्ञान शाखा घ्यावी लागते आणि पुढे सीईटी द्यावी लागते. पदवीचे शिक्षण इंग्रजीत असल्याने उर्दू माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची तयारी आठवीपासूनच करून घ्यावी. प्रवेशाआधी महाविद्यालय स्वतः पाहून यावे. ड्रोन कपाटात आहे की शेतात? एका यंत्रामागे विद्यार्थी किती? शेवटच्या वर्षाची मुले खरोखर गावात राहतात का? हे बेधडक विचारावे. नुसत्या पदवीने नोकरी मिळते, अशा भ्रमात मात्र राहू नये.

मुस्लिमाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या पिकातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. ज्या कामाला इतका मोठा दर्जा आहे, ते नापास मुलांचे काम कसे असेल? यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना आपल्या हुशार मुला-मुलींपुढे हाही रस्ता ठेवू या. इन्शाअल्लाह, हलाल रोजीही मिळेल आणि गावाचेही भले होईल.