एकरी बारा रुपये मक्ता, माणशी एकशे दहा कोटी

नकाशावर शेलूबाजारावर बोट ठेवा आणि अक्षांशाची रेघ न सोडता पश्चिमेकडे सरकत चला. छत्रपती संभाजीनगरच्या जरा वरून अरबी समुद्र लागेल. मग ओमान, सौदीचं वाळवंट, तांबडा समुद्र, सुदान, चाड, सहारा, मॉरिटानिया आणि पुढे सगळा अटलांटिक. सोळा हजार किलोमीटरच्या आसपास बोट सरकलं की क्युबाचं पूर्वेकडचं टोक येतं. तिथे अर्धा अंश खाली उतरलं की ग्वांतानामोचा उपसागर. म्हणजे अमेरिकेचा जगातला सगळ्यात बदनाम तुरुंग आणि मंगरूळपीर तालुक्यातलं हे गाव जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. उन्हाचा कोनही तोच.

त्या जागेचा हिशोब शेतकऱ्याला चटकन कळेल असा आहे. अमेरिकेने ती १९०३ मध्ये क्युबाकडून भाड्याने घेतली, वर्षाला दोन हजार डॉलर सोन्याच्या नाण्यांत. पुढे भाडं झालं वर्षाला ४,०८५ डॉलर. त्यानंतर त्यात वाढ नाही. क्षेत्र जमीन आणि पाणी मिळून ४५ चौरस मैल, म्हणजे २८,८०० एकर. रुपयांत एकरी साधारण बारा पडतात. बारा रुपये, आणि तेही वर्षाचे! या भावाने आपल्याकडे मुरमाड बरडसुद्धा कोणी मक्त्याने देणार नाही. क्युबात क्रांती झाल्यावर १९५९ मध्ये एक चेक वटवला गेला. त्यानंतरचे चेक फिडेल कॅस्ट्रोने निषेध म्हणून वटवलेच नाहीत. करार मात्र दोघांनी मिळून मोडल्याशिवाय किंवा अमेरिकेने जागा सोडल्याशिवाय संपत नाही.

आता त्याच जमिनीवरचा खर्च बघा. २०१८ च्या सुमारास तिथे चाळीस कैदी उरले होते आणि त्यांच्यावर वर्षाला सुमारे ५४ कोटी डॉलर खर्च होत होते. न्यूयॉर्क टाइम्सने मांडलेला हा हिशोब माणशी १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर जातो. रुपयांत एकशे दहा कोटींहून जास्त. एका कैद्याचा एका दिवसाचा खर्च तीस लाख रुपये. चाळीस कैद्यांवर अठराशे सैनिक, म्हणजे एकामागे पंचेचाळीस. २००२ पासून तिथे एकूण ७८० माणसं ठेवली गेली आणि त्यातली नऊ तिथेच मेली. लष्करी आयोगासमोर दोषी ठरले ते दहा-बारा. त्यांच्यापैकीही काहींची शिक्षा वरच्या कोर्टाने पुढे रद्द केली. बाकीच्या सातशेहून अधिक माणसांपैकी बहुतेकांचा गुन्हा काय, हे कोणत्याही न्यायासनासमोर कधी ठरलंच नाही.

हे सगळं लष्करी बळ वापरायची मुभा देणाऱ्या ज्या कायद्यावर उभं आहे त्याचं कळीचं वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आठवड्याभरात ते मंजूर झालं. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. विरोधातलं ते एकुलतं एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना पुढे संरक्षणात फिरावं लागलं इतक्या धमक्या आल्या.

तुरुंगासाठी क्युबाची जागा का निवडली, याचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकन सरकारचं म्हणणं होतं की भाड्याच्या जागेवर सार्वभौमत्व क्युबाचं, त्यामुळे तिथल्या परकी कैद्याला अमेरिकन कोर्टात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का ते तपासा असा, अर्ज करताच येत नाही. क्युबाच्या कोर्टात जायचं तर तळावर क्युबाची सत्ता चालत नाही. दोन्ही दरवाजे बंद, असा तो डाव. वकिली डोक्याने पाहिलं तर दाद द्यावी असा.

हा डाव खोडायला किती वेळ लागला, ते मोजण्यासारखं आहे. २८ जून २००४ रोजी रसूल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६–३ ने सांगितलं की अर्ज करता येईल. २००५ च्या डिसेंबरात संसदेने कायदा करून ती वाट बुजवली. २००६ च्या जूनमध्ये हमदान खटल्यात कोर्टाने पुन्हा सरकारला अडवलं. चार महिन्यांत दुसरा कायदा आला. शेवटी १२ जून २००८ रोजी बूमेदियन खटल्यात ५–४ ने निकाल लागला. न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलं की राज्यघटना सरकारला हवी तेव्हा चालू आणि हवी तेव्हा बंद करता येत नाही. एका मताच्या फरकाने हे ठरलं. लखदर बूमेदियन हा माणूस २००२ च्या जानेवारीत तिथे आणला गेला होता. खालच्या कोर्टाने त्याच्याविरुद्धचा पुरावा पाहून नोव्हेंबर २००८ मध्ये सोडण्याचा हुकूम दिला आणि मे २००९ मध्ये तो फ्रान्सला पोचला. निकालावर ज्याचं नाव आहे त्यालाच सात वर्षं चार महिने लागले. अफगाणिस्तानातल्या बगरामच्या तुरुंगात पुढे तीन हजारांच्या घरात माणसं होती. त्यांच्यासाठी हाच दरवाजा उघडायचं २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नाकारलं. तिथे तेव्हा युद्ध चालू होतं, हे त्याचं एक मोठं कारण.

हा सगळा अमेरिकेचा उद्योग म्हणून आपण नामानिराळे राहावं, असं मात्र नाही. समुद्रापलीकडचा लष्करी कैदखाना ही भूमिका आपल्या मुलखानेही बजावली आहे. बोअर युद्धात इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतले नऊ हजारांहून अधिक कैदी भारतात आणून ठेवले. त्यांच्या छावण्यांत अहमदनगरची मोठी होती. दोन्ही महायुद्धांत तिथे जर्मन नागरिक डांबले गेले. गुन्हा एकच, शत्रूराष्ट्राचा पासपोर्ट. हिमालय चढायला आलेला ऑस्ट्रियन हाइनरिश हॅरर आधी याच नगरच्या छावणीत होता. पुढे डेहराडूनहून पळून तो तिबेटात पोचला. आणि १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्याच किल्ल्यात लष्कराच्या पहाऱ्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते होते. नेहरूंची ती कैद, शेवटचे काही महिने दुसऱ्या तुरुंगांतले धरून, १,०४१ दिवसांची. आरोपपत्र नव्हतं.

त्या 'छोडो भारत' आंदोलनात १९४३ च्या अखेरीपर्यंत देशभर ९१,८३६ लोकांना अटक झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यात एकट्या मुंबई इलाख्यातले २४,४१६. या गर्दीतून केशव तळपदे नावाच्या मुंबईकराने अर्ज केला आणि तो दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेला. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निकाल दिला की ज्या नियमाखाली हजारोंना डांबलंय तो भारत संरक्षण नियमांतला नियम २६ मुळातच बेकायदा आहे. कायद्याने सरकारला जेवढा अधिकार दिला त्यापेक्षा जास्त या नियमाने घेतला होता. इंग्रजांनी नेमलेल्या इंग्रज न्यायाधीशाने भर युद्धात दिलेला निकाल आहे हा. आठवडाही उलटला नाही तोच व्हाइसरॉयने वटहुकूम काढून नियम मागच्या तारखेपासून कायदेशीर केला. ग्वांतानामोच्या बाबतीत जे करायला अमेरिकन संसदेला दीड वर्ष लागलं, ते दिल्लीत एका सहीने झालं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात डोकं चक्रावणारी संख्या कैद्यांची नाही. स्थानबद्ध करायला एक सही लागते आणि ती सही खोडायला वर्षं लागतात, हे जे प्रमाण आहे ते खरं चक्रावणारं आहे.

त्या काळी शेलूबाजार वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात होतं. इथल्या कोणाला उचललं असतं तर त्याच्या घरच्यांना नागपूरला जावं लागलं असतं. नागपूरचं हायकोर्ट तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचं, १९३६ मध्ये सुरू झालेलं. पण ताठ कण्याचं. १९४१ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लिव्हर्सिज खटल्यात ४–१ ने ठरवलं होतं की गृहमंत्र्याने संशय घेतला म्हणजे झालं, त्या संशयाला आधार काय, हे कोर्टाने विचारायचं नाही. नागपुरात विमलाबाई देशपांडे यांचा अर्ज आला तेव्हा प्रश्न मंत्र्याचा नव्हता, पोलिस अधिकाऱ्याने घेतलेल्या संशयाचा होता. हायकोर्टाने अधिकाऱ्याला विचारलं: संशय वाजवी होता, हे दाखव. दाखवता आलं नाही. सरकार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं आणि १९४६ मध्ये तिथेही हरलं. वाजवी कारण सिद्ध करायचं ओझं अटक करणाऱ्यावर, हे वऱ्हाड-मध्यप्रांतातून गेलेल्या प्रकरणात साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केलं. निकाल आला तोवर महायुद्ध मात्र संपलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं बदलायला हवं होतं. चीनशी युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालं आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी थांबवलं. बत्तीस दिवस. त्यासाठी लावलेली आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ पासून १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. १,९०२ दिवस! राजस्थानात देवळीच्या छावणीत चिनी वंशाचे सुमारे तीन हजार भारतीय रहिवासी नेले गेले. त्यात म्हातारे होते, शाळकरी पोरं होती. इकडे मुंबईत प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते तुरुंगात होते. सरकारच्याच परवानगीने त्यांनी आत बसून मराठीत अणुविज्ञानावर पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. छापायला बाहेर पाठवायची परवानगी मागितली तर ती नाकारली. हायकोर्टाने अनुक्रमणिका पाहून मत दिलं की हे निव्वळ विज्ञान आहे, यात देशाच्या संरक्षणाला धोका कसला? राज्य सरकार तरीही सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका विज्ञानाच्या हस्तलिखितासाठी! न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी संझगिरींच्या बाजूने निकाल दिला तो दिवस होता ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर सीमा ओलांडली होती. म्हणजे खरं युद्ध भडकलं त्या दिवशीही न्यायालयाला कैद्याचा हक्क मोजता आला.

दहा वर्षांनी ते जमलं नाही, आणि तेव्हा युद्धही नव्हतं. १९७५ च्या आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ३४,९८८ जण स्थानबद्ध झाले, महाराष्ट्रात ५,४७३. संरक्षण नियमांखालच्या अटका धरल्या तर देशाचा आकडा १,१०,८०६. नऊ हायकोर्टांनी म्हटलं की स्थानबद्धाचा अर्ज ऐकता येतो. नागपूर खंडपीठ त्यातलं एक, म्हणजे सवय मोडली नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४–१ ने ते सगळे निकाल उलटवले. विरोधात होते फक्त एच. आर. खन्ना. त्यांचं सरन्यायाधीशपद त्यात गेलं. बहुमतातले एक न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला. मध्ये एकेचाळीस वर्षं.

ग्वांतानामोत २०२५ च्या जानेवारीत पंधरा माणसं उरली होती. त्यात अबू झुबैदा होता. मार्च २००२ मध्ये पाकिस्तानात पकडला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीआयएच्या कोठडीत त्याला त्र्याऐंशी वेळा पाण्याने गुदमरवण्याची यातना दिली गेली. तो अल-कायदाचा वरिष्ठ नेता असल्याचा जो दावा तेव्हा केला होता तो पुढे अमेरिकन सरकारने सोडून दिला. त्याच्यावर आजवर एकही आरोप ठेवलेला नाही. बूमेदियनच्या निकालाच्या सुमारास, २००८ मध्ये, त्याच्या वकिलांनी हेबिअस कॉर्पसचा अर्ज दाखल केला. चौदा वर्षं उलटली तरी तो अर्ज वॉशिंग्टनच्या कोर्टात निकालाविना पडून होता.