खुर्ची सोडणारा आणि खुर्ची सांभाळणारा

आपल्या वसमतला स्वातंत्र्याच्या दोन तारखा सांगाव्या लागतात. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. इतिहासाच्या तासाला मुलं मला विचारतात, ‘सर, उशीर फक्त आपल्यालाच झाला का?’ तेव्हा मी गोव्याबरोबरच मुंबईच्या कॅथलिक चर्चचीही हकिगत सांगतो.

पूर्वेकडच्या धर्मकार्याचा भार पोर्तुगालच्या राजाने उचलायचा आणि त्या बदल्यात बिशपांच्या नेमणुकीत त्याचा शब्द चालायचा, असा हक्क पोपने शतकांपूर्वी दिला होता. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली, तरी या हक्काचं शेपूट उरलंच. १९२८च्या करारात ठरलं, की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. भारतीयाला पाळीच नाही!

१९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले. काळ बदलतोय हे त्यांनी ओळखलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. कराचीत १९०० साली जन्मलेले, मूळ गोव्याच्या घराण्यातले. त्यांच्यावर कारभार सोपवून रॉबर्ट्स मुंबईबाहेर निघून गेले. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, अशी चार वर्षं गेली. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले.

यात चर्चमध्ये मतपेटी आली असं नव्हे. निवड रोमच करत राहिलं. पण मधला परक्या सरकारचा हात निघाला. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. अशा काळात ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ हा प्रश्न इथल्या ख्रिस्ती माणसाला बोचणारा होता. आपला माणूस त्या जागी बसणं, हे त्याचं एक ठोस उत्तर होतं. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला भारतीय आर्चबिशप उभा होता. १९६६ मध्ये ग्रेशियस यांना पद्मविभूषण मिळालं. १९७८ मध्ये ते निवर्तले.

झेंडा एका रात्रीत बदलतो. जुने करार मात्र एकेक करून सोडवावे लागतात. त्यासाठी खुर्ची सांभाळणारा जितका लागतो, तितकाच वेळेवर उठणाराही लागतो.