दमसास कसा मोजावा?

दोन जिने चढतांच एकाला धाप लागते, तर दुसरा गप्पा मारीत वर पोंचतो. हा फरक दमसासाचा. आणि दमसास म्हणजे शरीराचा प्राणवायूचा हिशेब. फुप्फुसांनीं हवेंतून घेतलेला प्राणवायु हृदय रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोंचवितें व तेथें त्याच्या साहाय्यानें शक्ति निर्माण होते. पराकाष्ठेच्या श्रमांत शरीर दर मिनिटाला जास्तींत जास्त किती प्राणवायु वापरूं शकतें, हाच दमसासाचा खरा मापदंड होय.

इंग्लंडांतील शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनीं १९२३ च्या सुमारास धांवणाऱ्या माणसाच्या उच्छ्वासाची हवा पिशवींत सांठवून तिचें पृथक्करण केलें. वेगाबरोबर प्राणवायूचा वापर वाढतो, परंतु एका मर्यादेपुढें तो वाढत नाहीं, असें त्यांना आढळलें. मात्र अशा मोजणीस यंत्रें व जाणकार माणसें लागतात. शेंकडों लोकांची परीक्षा घ्यावयाची, तर तें कसें साधावें?

अमेरिकेच्या हवाई दलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांनीं १९६८ सालीं याचें सोपें उत्तर प्रसिद्ध केलें. सपाट जागेवर १२ मिनिटांत जास्तींत जास्त किती अंतर तोडतां येतें तें मोजावें, एवढीच ती परीक्षा. एखाद्या मिनिटाच्या सुसाट धांवेंत स्नायु प्राणवायूवांचूनही पुष्कळसें काम उरकतात. पण ही उसनवारी १२ मिनिटें पुरत नाहीं. तेथें प्राणवायूचा पुरवठाच वेग ठरवितो. कूपर यांनीं ११५ पुरुषांचीं अंतरें प्रयोगशाळेंतील मोजणीशीं ताडून पाहिलीं, तेव्हां मेळ चांगला जमला. त्यांचें सूत्र ढोबळ आंकड्यांत असें: मीटरांतील अंतरांतून ५०५ वजा करावे व बाकीला ४५ नें भागावें. ४०० मीटर परिघाच्या मैदानाला सहा फेऱ्या घालणारा २४०० मीटर धांवतो. त्याचें उत्तर सुमारें ४२ येतें. म्हणजे वजनाच्या दर किलोग्रॅममागें मिनिटाला ४२ मिलिलिटर प्राणवायु.

मोठें मैदान नसेल तेथें कॅनडांतील लुक लेजे यांनीं १९८२ सालीं मांडलेली पद्धत उपयोगी पडते. २० मीटर अंतरावरील दोन रेघांमध्यें ठराविक खुणेच्या आवाजाबरोबर येरझाऱ्या घालावयाच्या. आवाज क्रमाक्रमानें लवकर होऊं लागतो. गति सांभाळतां येईनाशी झाली कीं परीक्षा संपली.

तथापि हीं उत्तरें अंदाजाचीं आहेत, हें विसरूं नये. कूपर यांचें सूत्र हवाई दलांतील पुरुषांवरून बसविलेलें आहे. तें सर्वांना सारखें लागू पडेलच असें नाहीं. आरंभींच जोरानें धांवून मध्येंच थकणाऱ्याचा आंकडा त्याच्या खऱ्या शक्तीपेक्षां कमी येतो. वैशाखांतील ऊनही आंकडा खालीं आणतें. शिवाय ही परीक्षा पराकाष्ठेच्या श्रमांची आहे. हृदयविकार, रक्तदाब किंवा छातींत दुखण्याची तक्रार असलेल्यांनीं, तसेंच वर्षानुवर्षें बैठें काम करणाऱ्या प्रौढांनीं, वैद्यकीय सल्ल्यावांचून ती देऊं नये. धांवणें न झेपणाऱ्यांसाठीं १९८७ सालीं अमेरिकेंत दुसरी रीत निघाली: एक मैल झपाझप चालून लागलेला वेळ व शेवटची नाडी मोजावयाची आणि त्यांवरून, वय व वजन जमेस धरून, अंदाज बांधावयाचा.

या आंकड्याचा खरा उपयोग शेजाऱ्याशीं बरोबरी करण्यांत नाहीं. तेंच मैदान, तीच वेळ ठेवून तीन महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर पुन्हां मोजावें. अंतर वाढलें असेल, तर व्यायाम अंगीं लागला असें खुशाल समजावें.