गाडीच्या नाकातली वायर

टिळकवाडीत वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे काय ते ठाऊक असतं, असं मला वाटायचं. डिसेंबरात खोबरेलाची बाटली गोठते, आई ती उन्हात ठेवते, झालं. कॅनडातल्या विनिपेगला नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्यानं विचारलं, "गाडीला ब्लॉक हीटर आहे ना?" मला वाटलं, आतला गरम हवेचा पंखा. "आहे की," म्हणालो.

इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते. रात्री ती पार्किंगमधल्या प्लगला जोडायची. त्यामुळे इंजिनातलं कूलंट कोमट राहतं, ऑइल काकवीसारखं घट्ट होत नाही आणि सकाळी गाडी चालू होते. उणे ३० मध्ये बॅटरीचा जोरही बराच उतरलेला असतो, म्हणून ही सोय.

बाकीचे धडे हळूहळू मिळाले. आतला कपडा सुती नको, घाम धरून ठेवतो. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा बिनबोटांचे जास्त ऊबदार. इथे लोक तापमानापेक्षा वाऱ्यासकट लागणारी थंडी विचारतात. ती उणे ४० च्या खाली गेली की उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठू शकते. आणि लख्ख ऊन पडलं की खूश व्हायचं नाही. ढग म्हणजे पांघरूण. ते निघालं की थंडी खरी.

हे शेवटचं मला पाठ होतं, तरी चुकलोच.

बायकोच्या बाळंतपणासाठी आई नोव्हेंबरात आली होती. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी. ओव्याची धुरी घरात चालणार नाही, धुराचा अलार्म वाजतो, हे तिला पटवायला दोन दिवस लागले. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी बर्फ भुरभुरत होता, उणे १२, म्हणजे इथे सौम्यच. पिशव्या घेऊन वर आलो आणि वायर लावायची राहिली. रात्री आभाळ मोकळं झालं. दोन वाजता कळा सुरू झाल्या तेव्हा फोन उणे ३१ दाखवत होता.

गाडीनं एकदा 'टक्' केलं आणि गप्प. टॅक्सीला पाऊण तास. बायको दाराशी भिंत धरून उभी; ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. शेवटी शेजारच्या फिलिपिनो काकांचं दार वाजवलं. पायजम्यावर कोट चढवून ते आले. त्यांची गाडी अर्थातच प्लगला होती. सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली.

दुपारी काकांनीच मला घरी सोडलं. बघतो तर माझ्या गाडीची वायर प्लगला लावलेली! आईला इंग्रजी येत नाही, पण रोज संध्याकाळी मी काय करतो ते ती खिडकीतून बघत असे. आम्ही गेल्यावर माझा कोट घालून ती एकटी खाली उतरली होती. मोज्यांनी प्लग धरता येईना म्हणून मोजे काढले. बोटांची टोकं पांढरी पडली, बधिर झाली. मग वर येऊन गरम तेलानं चोळली. गोठलेली कातडी कधी चोळायची नसते, कोमट पाण्यात धरायची. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी आधी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "दवाखान्यातनं बाळाला आणायला गाडी नको होय?"

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

आठवडाभर तिच्या बोटांची सालं निघत होती. तशाच हातांनी बाळाला न्हाऊ घातलं. कोवळ्या उन्हात धरायचा तिचा हट्ट मात्र मोडावा लागला: डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवून साडेचारला मावळतो, जानेवारीतही फारसा फरक नसतो, आणि 'ड' जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण खिडकीच्या काचेतून येतच नाहीत. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना इथे रोज ४०० युनिटचे थेंब देतात. गाडीतल्या सीटवरही बाळाला जाड कोट घालून बसवायचं नाही, पट्टा सैल राहतो. आधी पट्टा, वरून दुपटं. आईच्या लुगड्याची दुपटी तिथे कामी आली.

मार्चमध्ये ती बेळगावला परतली. थंड पाण्यात हात घातला की उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात म्हणते. दर नोव्हेंबरात तिचा पहिला फोन वायरीबद्दलच असतो.