जिवंत आणल्यास पूर्ण रक्कम

मागोजी हा आमच्या टेबलावरचा सर्वांत निर्दय माणूस. २०१६ साली तो जन्मला तेव्हा मात्र त्याचं नाव रेव्हन ब्लॅकथॉर्न होतं आणि त्याला कुणीही घाबरत नव्हतं. रेव्हनचा मागोजी कसा झाला, याचा हा मागोवा. श्रेय बरंचसं त्याच्या मालकाचं, म्हणजे चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत असलेल्या आमच्या मित्राचं. थोडं चिंचवड गावाचं. माझं काम फक्त डीएमचं.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. एक जण जग रचतो, तो डीएम. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेऊन बसतात आणि बोलून खेळतात. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्याची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि मूळ नियम फुकट मिळू लागले, तेव्हा आमच्यासारख्यांचीही टेबलं सुरू झाली. आमची पहिली अडचण राक्षसांची नव्हती, सुट्टीची होती. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवार, हिंजवडीला शनिवार-रविवार आणि सेकंड शिफ्टवाल्याचा तर भरवसाच नाही. शेवटी बुधवारची रात्र ठरली. हिंजवडीवाले गुरुवारी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी ऑफिसला जात, ती त्यांची हौस.

तर रेव्हन ब्लॅकथॉर्न. आईबाप लहानपणी ऑर्कांनी मारलेले, गालावर व्रण, काळा झगा, बोलणं मोजकं. जगातल्या प्रत्येक टेबलावर असा एक तरी असतोच. या पात्राची वंशावळ लांब आहे. सर्जिओ लिओनेच्या १९६५च्या चित्रपटातले इनामासाठी माणसं टिपणारे दोघे, ‘वॉरहॅमर’च्या १९८६च्या खेळातला बाउंटी हंटरचा पेशा, आणि ‘स्टार वॉर्स’च्या १९८०च्या भागातला बोबा फेट. त्या भागात बोबा फेटच्या तोंडी जेमतेम चार वाक्यं आहेत, तरी पुढच्या पिढ्यांनी त्याच्यापासून गप्प राहण्याचा धडा गिरवला. आमच्या मित्रानेही गिरवला. रेंजर हा वर्ग, लांब धनुष्य आणि सावजावर खूण करून जास्त इजा करणारा ‘हंटर्स मार्क’ हा मंत्र. २०१५च्या एका पुस्तकात शहरी बाउंटी हंटरची तयार पार्श्वभूमी मिळत होती, तीही त्याने घेतली. कागदावर काहीच कमी नव्हतं.

टेबलावर मात्र रेव्हन दिसेना. मारायचा तो भरपूर, पण या खेळात सगळेच मारतात. देवाचं नाव घेणारा आमचा प्रेमळ क्लेरिकसुद्धा जेवणाआधी डझनभर गॉब्लिन लोळवून हात धुवायचा. जिथे पुजारीही कत्तल करतो, तिथे कत्तल हे निर्दयतेचं लक्षण कसं राहणार? ‘मी त्याच्याकडे थंडपणे बघतो,’ असं मित्र दर आठवड्याला सांगायचा आणि बाकीचे भेळेत कांदा कमी पडला म्हणून भांडत असायचे.

पहिला बदल एका ओळीने झाला. शहराच्या वेशीवर लावलेल्या जाहीरनाम्यात मी लिहिलं: जिवंत आणल्यास पाचशे मोहरा, मेलेला आणल्यास शंभर. पाचव्या आवृत्तीचा एक नियम पुष्कळांच्या लक्षातच नसतो. हातघाईच्या वाराने समोरचा शून्यावर आला, तर मारणाऱ्याला त्याला नुसतं बेशुद्ध करता येतं. बाणाला ती सोय नाही. म्हणजे रेव्हनचं लाडकं धनुष्य दर नेमाला चारशे मोहरांचं नुकसान करणार! त्या रात्री मित्राने जाहीरनामा ज्या डोळ्यांनी वाचला, तसा मी त्याला आधी फक्त पर्चेस ऑर्डर वाचताना पाहिला होता. माल कोणत्या स्थितीत हवा, कुठे पोचवायचा, नग खराब निघाला तर किती कापणार, असं एकेक विचारत गेला. पुढच्या बैठकीला धनुष्य पाठीवर गेलं आणि हातात सोटा आला. जाळंही घेतलं होतं, पण त्या आवृत्तीत जाळ्याचे नियम इतके रडके आहेत की ते दोनदा फेकून त्याने विकून टाकलं. बेड्या मात्र टिकल्या. दोन मोहरांच्या या वस्तूतून सुटायला वीसचा कठीण आकडा गाठावा लागतो. एवढी स्वस्त आणि एवढी भयंकर वस्तू पुस्तकात दुसरी नाही.

पुढचा बदल चिंचवडने केला. आमच्यातली एक शिक्षिका चापेकर वाड्याजवळ राहते. बक्षिसांचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “अरे, तुम्ही काल्पनिक शहरात काय शोधताय? डोक्यावर लावलेल्या किमतीची गोष्ट आपल्या गल्लीतली आहे.” २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यांच्या माहितीसाठी सरकारने वीस हजार रुपये लावले. गणेश आणि रामचंद्र द्रविड या भावांनी दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी गेले. ८ फेब्रुवारी १८९९ला धाकटे वासुदेव आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना, पोलीस अधिकारी ब्रुइन बोलावतोय अशी बतावणी करून, घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चापेकर असे तिघेही फासावर गेले. यावरचा जयू आणि नचिकेत पटवर्धनांचा १९७९चा चित्रपट आमच्यातल्या दोघांनीच पाहिला होता. मग सगळ्यांनी पाहिला.

त्यानंतर काही बुधवार फासे कमी पडले आणि इतिहास जास्त झाला. उमाजी नाईकांवर कंपनी सरकारने दहा हजार रुपये आणि जमीन लावली होती. कॅप्टन मॅकिंटॉश त्यांच्या मागावर होता. पुढे १८३३ साली त्याने रामोशांवर पुस्तकही लिहिलं. पण १८३१ साली भोरजवळच्या उत्रोळीत उमाजी सापडले ते पूर्वीच्या साथीदारांच्या फितुरीने. वासुदेव बळवंत फडके १८७९च्या जुलैत विजापूरकडच्या देवर नावडगी इथे दमून झोपलेले असताना मेजर डॅनियलच्या हाती लागले. सरकारने बक्षीस लावलं तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्या डोक्यावर बक्षीस जाहीर केलं होतं. ही कल्पना मी लगेच उचलली. तेव्हापासून आमच्या खेळातलं मोठं सावज मागोजीच्याही डोक्यावर किंमत लावतं आणि सहसा जास्तच लावतं.

या सगळ्यांत मित्राच्या नजरेला एक गोष्ट पडली. चापेकर असोत की उमाजी, अचूक नेमाने कुणी सापडलं नाही. कुणाला तरी ठाऊक होतं आणि त्याने सांगितलं. शिकारी खरा तो, ज्याला कुणाला विचारायचं हे कळतं. मग त्याने मला न विचारता चपळाईचे गुण कमी केले, ते शहाणपण आणि छाप यांत घातले आणि रेंजर सोडून २०१७च्या पुस्तकातला ‘इन्क्विझिटिव्ह’ रोग, म्हणजे भामट्याचा वर्ग, घेतला. समोरचा खोटं बोलतोय का, हे ओळखण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. माझ्या मते त्याने केलेला हा सर्वांत मोठा बदल. बाउंटी हंटर बनवू पाहणाऱ्याला मी आजही हेच सांगतो की शस्त्र शेवटी निवड. आधी गावात ज्यांची तोंडं त्याच्यापुढे उघडतील असे तीन जण ठरव आणि ती का उघडतील तेही लिही. एक धाकाने, एक पैशाने आणि एक जुन्या उपकाराने.

नाव बदललं ते पेशवाईच्या वाचनात. त्या काळची गावगाड्याची एक पद्धत एल्फिन्स्टनने आपल्या १८१९च्या अहवालात नोंदवली आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तिथे तो पुढच्या गावाच्या हवाली करायचा. ज्या गावात माग हरवेल, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी. ब्लॅकथॉर्न हे आडनाव त्या रात्री गेलं आणि मागोजी आला. आता तो कोणत्याही वस्तीत शिरला की आधी पाटलाला बोलावतो, वेशीपर्यंत आलेली पावलं दाखवतो आणि म्हणतो, “इथून पुढे तुमचं.” म्हणजे लपवलंत तर तुम्ही भरा. तलवार न उपसता अख्खं गाव त्या माणसाच्या विरोधात उभं राहतं. एकदा अशाच एका काल्पनिक गावाने स्वतःच्या लोहाराला बांधून आणून दिलं, तेव्हा टेबलावर पहिल्यांदा सगळे गप्प बसले.

दुसरी सापडलेली गोष्ट याहून वाईट. पेशवाईत आरोपीला बोलवायला प्यादा गेला की त्याच्या फेऱ्याचा खर्च, म्हणजे मसाला, आरोपीकडूनच वसूल होई. मागोजीने हे तत्त्व असं उचललं की माझ्या अंगावर काटा आला. एका कुळाने सावकाराचं खत पळवलं होतं. मागोजी थेट त्याच्या बहिणीच्या घरी गेला. धमकी नाही, मारहाण नाही. ओसरीवर बसला आणि दोन वेळचं जेवण मागितलं. रोज संध्याकाळी एका वहीत झालेला खर्च लिहायचा: भाकरी इतकी, घोड्याला चारा इतका, पायपीट इतकी. वही उघडी ठेवायचा, त्या बाईला दिसेल अशी. बहिणीच्या भूमिकेत मी होतो. नवव्या दिवशी तिने भावाचा ठावठिकाणा सांगितला. फासा टाकायची वेळच आली नाही. मागोजीने आभार मानले, वहीतली बेरीज तिला वाचून दाखवली आणि एक पैसाही सोडला नाही.

आमचा पॅलाडिन, म्हणजे खेळातला धर्मवीर, त्या रात्री उठून उभा राहिला. खुर्चीवरून, खरोखर. त्याचं म्हणणं होतं, यापेक्षा डोकं फोडलेलं बरं. मित्र शांतपणे म्हणाला, “मी कागदावर आहे त्यापेक्षा जास्त काही घेतलं का?” नव्हतं घेतलं, आणि मागोजीची सगळी निर्दयता याच उत्तरात आहे. तो कुणाचा द्वेष करत नाही, कुणाला छळण्यात त्याला मजा वाटत नाही, दया मात्र त्याच्या हिशेबात कुठल्याही रकान्यात बसत नाही. नवे खेळाडू क्रूरपणासाठी किंकाळ्या आणि रक्त लिहून आणतात, ते ऐकून मला हल्ली जांभई येते.

अशा पात्राने टेबल फुटू शकतं, म्हणून काही बंधनं घातलीच पाहिजेत. मुलांना हात नाही, छळ वर्णन करून दाखवायचा नाही, सोबत्यांवरचा करार घ्यायचा नाही. शिवाय जॉन स्टाव्रोपूलॉसची एक्स-कार्डची युक्ती ठेवली: कुणीही कार्डावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. याहून जास्त नियम लागले नाहीत.

२०२०च्या मार्चनंतर खेळ संगणकाच्या पडद्यावर गेला. एकाचं नेट मोशीत, एकाचं तळेगावात आणि दोन्ही बेभरवशाची. त्या काळात मी नकाशा आपलाच केला, नावं बदलून. पवना, इंद्रायणी, वेशीपलीकडचा भुईकोट. ‘लोकेट क्रीचर’ हा मंत्र हजार फुटांतला माणूस दाखवतो, पण मध्ये दहा फुटी वाहतं पाणी आलं की आंधळा होतो. आपल्याकडे दर दोन-चार कोसांवर नदी नाहीतर ओढा असतो, त्यामुळे चेटूक निकामी आणि नावाडी महत्त्वाचा. भुईकोट अर्थातच चाकणचा. १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. किल्ला पडल्यावर खानाने चाकरी देऊ केली आणि फिरंगोजींनी ती नाकारली. आमच्या कथेत असाच एक म्हातारा किल्लेदार होता. मागोजीने त्याला तिप्पट भाव देऊ केला. नकार आल्यावर मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “याचं काय करायचं ते माझ्या माणसाला माहीत नाही.” मागोजी तो करार अर्धवट सोडून परतला. आजवरचा एकमेव. दया आली म्हणून नव्हे. विकत घेता न येणारा माणूस त्याच्या वहीत कुठे लिहायचा, हे त्याला सुचलं नाही.

२०२३च्या जानेवारीत परवान्यावरून कंपनीविरुद्ध जगभर ओरड झाली आणि शेवटी मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. आमच्या टेबलावर त्याचा परिणाम दोन दिवसांच्या चर्चेपुरताच. २०२४चं नवं पुस्तक आल्यावर मात्र मागोजी पुन्हा लिहावा लागतोय. नव्या रेंजरला ‘हंटर्स मार्क’ ठरावीक वेळा फुकट मिळतो, म्हणून धनुष्यवाले मित्राला परत बोलावतायत. तो बधलेला नाही. त्याचा सध्याचा वाद वेगळाच आहे: सावज वाटेत आपल्या मौतीने मेलं, तर मसाला वारसांकडून घ्यायचा की जाहीरनामा काढणाऱ्याकडून? शिक्षिकेच्या मते दोघांकडूनही नाही. पॅलाडिनच्या मते हा प्रश्न विचारणाऱ्यालाच बेड्या घाला. मी निकाल पुढच्या बुधवारवर ढकललाय, आणि मित्राने त्या दिरंगाईचाही खर्च वहीत मांडलाय, माझ्या नावावर.