पाडव्याचा सौदा आणि खाड्यांची वही

गुढीपाडवा जवळ आला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या शेतकऱ्यांच्या घरी गुढीच्या काठीआधी एका वेगळ्याच गोष्टीची चिंता सुरू होते. यंदाचा सालगडी राहतो की जातो? पाडव्याला त्याचे साल संपते. जुना हिशेब मोकळा होतो आणि ओसरीवर बसून नव्या सालाचा सौदा ठरतो. सालाचे पैसे किती, महिन्याचे धान्य किती, कपड्याचा जोड, पायातला जोडा, आधी उचल किती घेणार, सगळे तोंडीच. साक्षीला चहाचे कप आणि शेजारचा एखादा म्हातारा.

ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, तेव्हा सालगडी ही पद्धतच मोडेल असे वाटले होते. ती कमी झाली खरी, पण गेली नाही. ज्याच्याकडे संत्र्याचा बगीचा आहे त्याला ओलीत, फवारणी आणि राखणीसाठी बारा महिन्यांचा माणूस लागतोच. आणि असा माणूस मिळत नाही, ही आज प्रत्येक बागायतदाराची तक्रार आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर, जिथे दोन शेतकरी भेटतात तिथे हाच विषय. 'मजूर माजले' हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर काही बोलत नाही. पण गडी का जातो, हे मला माझ्याच घरात कळले होते.

मी सहावी-सातवीत असेन. आमच्याकडे पाच-सहा वर्षांपासून एकच सालगडी होता. आम्ही पोरे त्याला मामा म्हणत असू. बाबा हिशेबाला चोख. एका लांबट लाल वहीत ते त्याचे खाडे लिहीत. तो ज्या दिवशी कामावर आला नाही, त्या तारखेवर फुली. त्या वर्षी भादव्यात मामा तापाने पडला आणि अकरा दिवस उठला नाही. वहीत अकरा फुल्या पडल्या. पाडव्याला बाबांनी वही उघडली, खाडे मोजले, पैसे कापले. मामाने मान हलवली, 'बरं मालक' म्हणाला, उरलेले पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी दुसऱ्याकडे राहिला. आमच्यापेक्षा कमी पैशात!

बाबांना ते फार लागले. 'मी त्याचा एक रुपया तरी बुडवला का?' असे ते दोन दिवस घरात विचारत होते. शेवटी आई बोलली. 'पैशासाठी नाही गेला तो. अकरा दिवस तापात होता, तुम्ही एकदा तरी त्याच्या खोपीत डोकावलात काय? आन् लाईन रातीची राहे तेव्हा रातभर ओलीत केलं त्यानं, ते कोणत्या वहीत लिवलं?'

खरेच, वहीत खाड्याचा रकाना होता. रात्रीच्या ओलिताचा नव्हता.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. जू ज्याच्या मानेवर बसते त्याची मान दुखते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. पोळ्याला गड्यालाही बोजारा मिळतो, नवे कपडे मिळतात. बाबाही ते देत, कधी चुकले नाहीत. पण सणाच्या दिवशी दिलेले ती खूण असते, आणि अकरा दिवसांचा ताप हा वर्षाचा व्यवहार असतो. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

नागपूर आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. तिथे 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीत कामगार रोज यायचेच असे नाही. आज आला, उद्या शेतावर गेला, परवा लग्नाला. आपल्या भाषेत, खाडेच खाडे. टाटांनी दंडाची वही जाड केली नाही. त्यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसे लावली, 1886 मध्ये पेन्शन फंड सुरू केला आणि 1895 पासून कामावर जखमी झालेल्याला भरपाई देऊ लागले. तशी भरपाई सक्तीची करणारा कायदा देशात 1923 साली आला, म्हणजे तब्बल 28 वर्षांनी. टाटा दानशूर होते म्हणून हे केले, असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्यांना गिरणी चालवायची होती. ती गिरणी आज राहिली नाही, पण नागपूरच्या जुन्या कामगार वस्त्यांत तिचे नाव अजून निघते.

आठवड्याच्या सुट्टीचीही तीच कथा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या सालगड्याचा रविवार मात्र अजून मालकाच्या मर्जीवर आहे. बहुतेक घरी बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस सोडतात आणि तेही उपकार केल्यासारखे.

उचलीबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण इथे भले भले शेतकरी नकळत चुकतात. गड्याला गरज पडली, मुलीचे लग्न निघाले, आजारपण आले, मालकाने पैसे दिले, यात गैर काही नाही. पण 'माझे पैसे फिटेपर्यंत तुला दुसरीकडे जाता येणार नाही' असे म्हटले की प्रकरण वेगळे होते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने त्याला गुन्हा ठरवले आहे, आणि अशा वेठीचे कर्जही तो कायदा रद्द समजतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, याहून पुढचे सांगितले: किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. 1948 च्या किमान वेतन कायद्यात शेतमजूर पहिल्यापासून होता. आता तो कायदा वेतन संहितेत सामावला आहे. सालाचा ठोक आकडा मोठा दिसतो, पण त्याला दिवसांनी भागून पाहावे. रात्रीचे ओलीतही धरावे. मी एकदा कागदावर हे गणित मांडले, आणि ज्यांच्यासाठी मांडले त्या स्नेह्यांनी विषय बदलला.

बायांच्या मजुरीबद्दल तर बोलायलाच नको. कापूस वेचाई किलोवर असते, म्हणजे भांडण सगळे काट्याचे. संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला की मालकाचा हात कुठे आहे याकडे दहा जणींचे डोळे असतात. सकाळी दव असते तेव्हा कापूस जड भरतो, असे मालक म्हणतो. दुपारपर्यंत तो वाळला की तोच कापूस हलका होतो, असे त्या म्हणतात. दोघेही खरे बोलतात. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने काटा वेचणाऱ्यांपैकीच एकीच्या हाती दिला. तेव्हापासून त्याच्या धुऱ्यावरचा कलकल थांबला आणि हंगामात त्याला बाया शोधत फिरावे लागत नाही.

शहरात फार वेगळे नाही. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात आपल्या गावांतली पोरे ठेकेदाराकडून कामाला जातात. साहेब कोण, हे त्यांना वर्षभर कळत नाही. दुकानातल्या पोराला मालक दहा वर्षांनीही 'ए छोटू' म्हणतो. आणि आम्हा शिकवणाऱ्यांचे म्हणाल, तर आमच्या महाविद्यालयांत अतिथी विद्वान आहेत. नावात अतिथी, पण सत्र संपले की पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही, हे त्यांना कळत नाही. आपला सालगडी निदान पाडव्याला ओसरीवर बसून समोरासमोर विचारू तरी शकतो.

मामा गेल्यानंतरच्या पाडव्याला बाबांनी बाजारातून दोन वह्या आणल्या. एक त्यांची, एक नव्या गड्याची. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून रोज संध्याकाळी दोन्ही वह्या मी लिहायच्या, असे ठरले. खाडा, आजारपण, रात्रीचे ओलीत असे तीन रकाने आखले. आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत, हे बाबांनी स्वतःच सांगितले. पहिल्याच दिवाळीला गड्याचा शाळेत जाणारा पोरगा त्यांची वही घेऊन आमच्या ओसरीवर आला. त्याने बोट ठेवून दाखवले, आमच्या वहीत आश्विनातला एक खाडा दोनदा लिहिला होता. बाबांनी चष्मा लावून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एक फुली खोडली.