स्पीडबोट घेताय? नाव वाचा, पण ट्रान्सम ठोकून बघा!

मालवण-तारकर्लीत किंवा गोव्यात वॉटर स्पोर्ट्ससाठी जुनी स्पीडबोट घ्यायचा विचार आहे? मग कर्ज काढण्याआधी दोन मिनिटं थांबा. "मोठा ब्रँड आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका.

अमेरिकेतला बोस्टन व्हेलर घ्या. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात त्यांची बोट करवतीने मधोमध कापताना दाखवली. संस्थापक डिक फिशर आतच बसले होते. बोट बुडाली नाही, कारण फायबरच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेला. नाव झालं ते बांधणीमुळे!

बेलायनरने वेगळा रस्ता धरला: बोट, इंजिन, ट्रेलर एकाच परवडणाऱ्या किमतीत. आणि गंमत बघा, आज दोन्ही ब्रँड ब्रन्सविक या एकाच कंपनीचे! म्हणून मालक कोण, यापेक्षा बोट कोणत्या कामासाठी बांधली ते विचारा.

बघायला गेलात की:

१. इंजिन अडकवतात ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, ठोकून बघा. टणक आवाज हवा. आवाज बद्द आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं.

२. इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट करा. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत.

३. स्पेअर पार्ट आणि मेकॅनिक जवळ आहेत का? सीझनमध्ये बोट बंद पडली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

लक्षात ठेवा, नाव बघून गिऱ्हाईक बोटीत बसतं. त्याला सुखरूप किनाऱ्याला आणते ती बांधणी.